उदासपणावर डबा हा उपाय नव्हे

गरोदर बाई गप्प गप्प राहू लागली, झोप उडाली, उगाच रडू येऊ लागलं, की घरात निदान ठरलेलं असतं: अशक्तपणा. मग मेडिकलमधून पावडरचा डबा येतो, डीएचएच्या कॅप्सूल येतात. त्यामागचा युक्तिवाद असा, की मेंदूला लागणारी डीएचएसारखी ओमेगा-३ मेदाम्लं गरोदरपणात बाळाकडे जातात, म्हणून आई खचते. ती भरून काढली की मन सावरेल. मासे जास्त खाणाऱ्या देशांत प्रसूतीनंतरचं नैराश्य कमी दिसतं, असाही दाखला दिला जातो.

पण युक्तिवाद पटला म्हणून औषध लागू पडतंच असं नाही. ऑस्ट्रेलियात हे पडताळून पाहिलं गेलं. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत सुमारे २,४०० गरोदर स्त्रिया होत्या. काहींना रोज ८०० मिलिग्रॅम डीएचए असलेलं माशाचं तेल दिलं, बाकीच्यांना वनस्पती तेलाच्या कॅप्सूल. प्रसूतीनंतर सहा महिन्यांपर्यंत दोन्ही गटांतल्या नैराश्याच्या प्रमाणात म्हणण्यासारखा फरक पडला नाही. ओमेगा-३ मुळे मुदतपूर्व प्रसूती कमी होतात, याला मात्र चांगला पुरावा आहे. म्हणजे ते निरुपयोगी नाही. या कामाचं नाही, इतकंच. पूरक आहाराचा डबा एकदा उलटा करून वाचा. ‘नॉट फॉर मेडिसिनल यूज’ असं त्यावर छापावंच लागतं, तसा अन्नसुरक्षेचा नियम आहे.

पण ‘आमच्या वेळी कुठे होत्या गोळ्या?’ म्हणत सगळ्याच गोळ्या नाकारणंही मला मान्य नाही. गिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांच्या रक्तक्षयाचं कारण शोधायला ब्रिटिश डॉक्टर ल्यूसी विल्स १९२८ साली मुंबईत आल्या. यीस्टच्या अर्कानं त्या बायकांचं रक्त सुधारलं, आणि त्यातूनच पुढे फॉलिक ॲसिडचा शोध लागला. आज सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. चौथ्या महिन्यापासून ती रोज, किमान १८० दिवस घ्यायची; चहासोबत नाही, कॅल्शियमच्या गोळीसोबतही नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय पाहणीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांना रक्तक्षय होता, आणि १८० दिवस गोळ्या घेतलेल्या माता जेमतेम २६ टक्के होत्या. शिवाय रक्त कमी असलं, थायरॉइड बिघडलं किंवा बी-१२ घटलं तरी बाई उदास, थकलेली दिसते. म्हणून आधी रक्त तपासा, कमतरता भरून काढा. पण हिमोग्लोबिन सुधारूनही तिचा जीव कशातच रमत नसेल, तर दुखणं रक्ताचं नाही.

ते कशाचं असतं, हे गोव्यानं दाखवून दिलंय. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांच्या तिथल्या २००२ च्या अभ्यासात प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांना नैराश्य होतं, आणि त्यातल्या बहुतेकींचा मानसिक त्रास गरोदरपणातच सुरू झालेला होता. त्याच्याशी जोडलेल्या गोष्टी होत्या गरिबी, नवऱ्याची मारहाण, मुलगी झाल्याची नाराजी. यातल्या एकाही गोष्टीवर कॅप्सूल नाही.

माणसं मात्र आहेत. पाकिस्तानात रावळपिंडीजवळच्या गावांत आरोग्यसेविकांना समुपदेशनाचे साधे धडे दिले गेले. नैराश्य असलेल्या गरोदर स्त्रियांच्या घरी जाऊन त्या बोलत राहिल्या. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा त्या गटातल्या २३ टक्के माता नैराश्यात होत्या. असं समुपदेशन न मिळालेल्या गटात ५३ टक्के. पुढे गोव्यात हेच काम वस्तीतल्या साध्या बायकांनी केलं.

आपल्याकडे दर तपासणीला वजन होतं, बीपी होतं, सुई टोचली जाते, कार्डावर आकडे भरले जातात. तिथेच सिस्टरनी किंवा आशाताईंनी नवऱ्याला, सासूला बाहेर बसवून दोन प्रश्न विचारावेत: गेल्या महिन्याभरात सारखं उदास वाटतंय का? पूर्वी आवडायचं ते आता नकोसं झालंय का? उत्तर ‘हो’ आलं तर समुपदेशन, आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञ. नैराश्यावरची काही औषधं गरोदरपणातही डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेता येतात. चालू असलेली औषधं तर कुणाच्या सांगण्यावरून परस्पर बंद करूच नयेत. १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. जगणं नको झालंय असं ती एकदा जरी म्हणाली, तरी तिला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या.