जळण म्हणून विकायचं, लाकूड म्हणून विकत घ्यायचं?



कापूस विकायचा कच्चा आणि कापड घ्यायचं पक्कं, हा तोट्याचा धंदा आपण पिढ्यान्पिढ्या करत आलो. बांधावरच्या बाभळीचंही तेच चाललं आहे. झाड तोडलं की व्यापारी येतो आणि क्विंटलवर, जळणाच्या भावात घेऊन जातो. पुढच्या हंगामात त्याच बाभळीचं रुमणं नि कुऱ्हाडीचा दांडा आपण बाजारातून नगावर विकत आणतो.

कारण विचारा, उत्तर ठरलेलं: "माल आखूड आहे." कोरडवाहू रानातली बाभूळ वाकडीच वाढणार, सरळ तुकडा तीन-चार फुटांचाच निघणार. पण आखूड म्हणजे निकामी, हे ठरवलं कोणी? बैलगाडीच्या चाकाकडे बघा. तुंबा, आरे, पुठ्ठे; तीन फुटांहून लांब लाकूड त्यात आहे कुठं? बाजेच्या खुरांना, बसायच्या पाटाला बारा फुटांचा ओंडका लागत नाही.

घोडं अडतं आरागिरणीत. तिथली ट्रॉली लांब ओंडक्यासाठी बांधलेली. आखूड ओंडका पकडीत नीट बसत नाही, पात्यापुढं फिरतो, कामगाराच्या हातावर बेततं. ही भीती खरी आहे. बांधावरच्या झाडात तार-खिळे निघतात, पातं जातं, हेही खरं. पण उपाय आहे. वाकसाने एक बाजू सपाट करा, ओंडका लांब जाड फळीवर बोल्टने आवळा, बोल्ट पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका आणि फळीसकट ट्रॉलीवर चढवा. ओंडका जागेवर आवळून पातंच पुढं सरकवणारी लहान बँड-सॉ तर याहून सोयीची. तरी गिरणीवाला नाही म्हणतो, कारण आपण एकेकटे दोन ओंडके घेऊन त्याच्या दारात उभे राहतो. वीस जणांचा माल एका दिवशी न्या, मग बोला.

मापही समजून घ्या. घेराचा चौथा हिस्सा, त्याचा वर्ग, गुणिले लांबी, अशी जुनी रीत. 4 फूट घेराचा, 3 फूट लांबीचा गोल ओंडका या मापात 3 घनफूट भरतो. खरं घनफळ 3.8 घनफूट. म्हणजे शेकडा 21 आधीच गेले. त्यावर पुन्हा "घट" कापू देऊ नका.

आता सरकार. सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात 1996 पासून आरागिरण्यांना लगाम घातला. 30 ऑक्टोबर 2002 च्या आदेशाने केंद्रीय समितीच्या परवानगीवाचून नवी गिरणी बंद झाली. 2016 च्या मार्गदर्शक सूचनांनी परवान्याचं काम राज्यस्तरीय समितीकडे आलं. जंगलतोड रोखायला लगाम हवाच होता. पण माझ्या बांधावर मी वाढवलेली बाभूळ जंगल झाली कधी? झाडं लावा म्हणून सांगायला सरकार गावात येतं. ती चिरायची परवानगी मात्र गावापासून लांब बसते.

दोष माझाही आहे. कृषी पदवी घेऊन मी वर्षानुवर्षं "बांधावर झाडं लावा" असं सांगत फिरलो. ती चिरणार कोण, हे एकदाही विचारलं नाही.

तेव्हा तोडल्या दिवशीच ओंडक्याच्या दोन्ही टोकांना डांबर किंवा जाड रंग फासा. लाकूड टोकांतून आधी वाळतं नि तडकतं. तीन फुटांत दोन्हीकडून अर्धा-अर्धा फूट गेला तर उरतं काय? ओंडके सावलीत, जमिनीपासून उचलून ठेवा आणि लवकर चिरा. सालीखालचं पांढरं लाकूड काढून टाका. किडा तिथूनच शिरतो. फळ्यांमध्ये पट्ट्या घालून थप्पी लावा, वारा खेळू द्या.

आणि बैठकीत एकच मागणी मांडा: शेतातल्या लाकडासाठी गावाच्या सामाईक लहान गिरणीला सोपा परवाना द्या. तो मिळेपर्यंत एकही सरळ तुकडा जळणाच्या काट्यावर चढवू नका.