कारण नसतानाही जाता आलं पाहिजे

गेल्या वर्षी पाऊस सरल्यावर मी सांगोल्याहून चिपळूणला मोटारसायकलवरून गेले. एकटी. आटपाडी, विटा, कराड, पाटण, कोयनानगर आणि मग कुंभार्ली घाट. आमचा तालुका दुष्काळी, माळरानाचा. इथे डाळिंबाच्या बागा आहेत, घाट नाही. त्यामुळे वळणाच्या उतारावर गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवायची, नुसत्या ब्रेकवर भरवसा टाकायचा नाही, हे मला तिथेच शिकावं लागलं. पण मला लिहायचं आहे ते घाटाबद्दल नव्हे, वाटेत विचारल्या गेलेल्या प्रश्नांबद्दल.

चहाच्या टपरीवरचा पहिला प्रश्न, "मालक मागून येतायत का?" दुसरा, "कुणाकडे निघालाय?" तिसरा, "एवढ्या लांब काय काम काढलंत?" विचारणारी माणसं वाईट नव्हती. एका आजींनी तर सरकून मला बाकावर जागा करून दिली. पण "काम काही नाही, घाट बघायला आलेय," या उत्तरावर कुणाचाच विश्वास बसेना. शेवटी एका ठिकाणी मी खोटं बोलले. "बहिणीकडे चाललेय," म्हणाले. लगेच सगळ्यांचे चेहरे सैलावले. माझाही. ते खोटं अजून माझ्या मनातून जात नाही.

आपला समाज बाईच्या फिरण्याला सरसकट विरोध करतो, असं म्हणणं खरं नाही. आमच्या शेजारच्या पंढरपूरला आषाढीत हजारो बायका कित्येक दिवस चालून येतात. ऊसतोडीसाठी बायका दर वर्षी बिऱ्हाड उचलून परजिल्ह्यात जातात. १७ मार्च २०२३ पासून राज्यात एस.टी.चं तिकीट बायकांना अर्ध्या दरात मिळतं. म्हणजे बाई फिरते. पण देवासाठी, पोटासाठी, नातलगांसाठी. कारण दाखवलं की वाट मोकळी होते, आणि ते कारण पुरेसं आहे की नाही हे घर ठरवतं. २०११ साली शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईच्या संदर्भात हाच मुद्दा मांडला. बाईला सार्वजनिक जागेत विनाकारण रेंगाळता आलं पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. शहराच्या फुटपाथला जे लागू आहे, तेच सांगोल्याच्या चौकाला आणि कुंभार्लीच्या वळणालाही लागू आहे.

गाडीवरची बाईची जागाही आपल्या मनात ठरलेली असते. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला नियम १२३ पाहा. मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागच्या चाकाचा किमान निम्मा भाग झाकला जाईल अशी सोय मोटारसायकलला हवी, असं तो सांगतो. नियम आवश्यकच आहे, त्यात वाद नाही. नियमात बाईचा उल्लेखही नाही. पण आपण सगळे त्या जाळीला 'साडीगार्ड' म्हणतो. मागे, एका बाजूला पाय सोडून, पदर सावरत बसलेली ती बाईच, हे कुणी सांगावं लागत नाही.

ही जागा सोडून पुढे बसलेल्या बायका आपल्याकडे आहेत. २०११ मध्ये पुण्यात उर्वशी पाटोळे आणि त्यांच्या मैत्रिणींनी 'बायकर्नी' हा मोटारसायकल चालवणाऱ्या बायकांचा गट सुरू केला. त्याच वर्षी या गटातल्या बायका लडाखमधल्या साडेसतरा हजार फूट उंचीच्या खारदुंगला खिंडीपर्यंत गेल्या. मार्च २०२३ मध्ये रमिला लटपटे मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियापासून मोटारसायकलवर एकट्या जगप्रवासाला निघाल्या, त्याही नऊवारी नेसून.

नऊवारीचं मला मुळीच वावडं नाही. कासोटा घालून आमच्या आज्या रानात राबल्या, झाडावर चढल्या. ते कष्टाचं वस्त्र आहे. पण बातम्यांमध्ये कौतुक कशाचं होतं ते पाहा. गाडी चालवली याचं थोडं, संस्कृती जपली याचं जास्त. १९१६ मध्ये ऑगस्टा आणि अ‍ॅडलिन व्हॅन ब्युरेन या बहिणींनी मोटारसायकलींवरून अख्खी अमेरिका ओलांडली, वाटेत पाइक्स पीक हे शिखरही चढल्या. तेव्हा पुरुषांचे कपडे घातले म्हणून पोलिसांनी त्यांना अडवून अटक केली होती. तिथे अटक, इथे कौतुक. पण दोन्हीकडे नजर कपड्यांवरच.

यावर काही मैत्रिणी म्हणतील, हे शहरी, पैसेवाल्या बायकांचे शौक. पेट्रोल शंभरीपार गेलंय, मजुरी बुडवून घाट कोण बघणार? आक्षेप योग्य आहे. जिच्या नावावर सायकलही नाही तिला मोटारसायकलीच्या गोष्टी सांगणं क्रूरपणाचं ठरू शकतं. दलित वस्तीतल्या मुलीला तर गावातल्या काही गल्ल्यांतून नुसतं जातानाही दहा वेळा विचार करावा लागतो. पण मग प्रश्न हा, की संचारस्वातंत्र्य पैशाबरोबर आपोआप येतं का? आमच्या भागात दारात दोन-दोन गाड्या असलेली घरं आहेत. त्या घरांतल्या सुनांना किल्ली कुठे टांगलेली असते तेवढं माहीत असतं.

आमच्या संस्थेच्या कामातला एक प्रसंग. एका वाडीवरून रात्री निरोप आला. मारहाण झालेली बाई तान्ह्या मुलाला घेऊन घराबाहेर बसली होती. शेवटची एस.टी. गेलेली. आमच्या कार्यकर्तीकडे लायसन्स होतं, दारात गाडी होती. दीर म्हणाले, "रात्रीचं कशाला? सकाळी बघू." सकाळी ती पोहोचली तेव्हा चार माणसांनी बसून 'समजूत' घातली होती आणि बाई परत त्याच घरात गेली होती.

हा प्रसंग सांगताना मी पुन्हा कारणच पुढे करते आहे, हे मला कळतं. पण नेमकं तेच सांगायचं आहे. जिला प्रत्येक वेळी कारण देऊन परवानगी घ्यावी लागते, तिचं कारण घराला पटलं नाही की ती अडकते. आणि आपल्या कामातली बहुतेक कारणं घराला न पटणारीच असतात. म्हणून 'विनाकारण' जाण्याचा हक्क हा शौक नाही. बाकीच्या सगळ्या जाण्या-येण्याचा तो पाया आहे.

दोष आपल्या संस्थांतही आहे. संस्थेची गाडी बहुधा पुरुष कार्यकर्त्याच्या हाती असते आणि बाईला 'सोडून' येण्याची व्यवस्था होते. आपण तिला सुरक्षितता म्हणतो. बायकांना गिअरची गाडी शिकवणं, लायसन्स काढून देणं, संस्थेची गाडी त्यांच्या ताब्यात देणं हे आपल्या वार्षिक कामात का नसावं? १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तमिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर हजारो ग्रामीण बायका सायकल शिकल्या. तिथे अक्षर आणि चाक बरोबर आलं. आपल्याकडेही येऊ शकतं.

आणि शिकल्यावर एक दिवस कामाशिवाय जाऊ या. शिखर शिंगणापूरच्या डोंगरापर्यंत का होईना. देवदर्शनाला म्हणून नव्हे, डोंगर बघायला म्हणून. वाटेत कुणी "कुणाकडे?" विचारलं तर खरं उत्तर द्यायचं. मी तेव्हा दिलं नाही. पुढच्या वेळी देईन. तुमच्या गटात यावर काय बोलणं होतं, ते जरूर लिहून कळवा.