विश्लेषण : छोट्या टेबलावर ‘ब्लफ’ का फसतो? पोकरमध्ये समोरच्याचा चेहरा वाचायचा की बेट?

2006 साली आलेल्या ‘कसिनो रोयाल’मधला पोकरचा डाव अनेकांना आठवत असेल. खलनायकाचा हात डोळ्याजवळ जातो, म्हणजे तो थाप मारतोय, हे जेम्स बाँडच्या लक्षात येतं. रील्सवर हा प्रसंग अजूनही फिरतो. पुढचा भाग मात्र बहुतेक जण विसरतात. त्याच खुणेवर विश्वास ठेवून बाँड पुढे सगळी रक्कम लावतो आणि हरतो. खलनायकाने ती खूण मुद्दाम दाखवलेली असते.

पोकर म्हणजे चेहरा वाचण्याचा खेळ, हा समज सिनेमांनी पक्का केला. मित्रांच्या घरी, पिकनिकला किंवा फुकट चिप्स देणाऱ्या ॲपवर ‘नो-लिमिट होल्डेम’ खेळणारे नवखे भिडू हाच समज घेऊन बसतात. समोरच्याच्या डोळ्यांत बघायचं, गंभीर चेहरा करायचा आणि सगळ्या चिप्स पुढे सरकवायच्या. माझं मत याच्या अगदी उलट आहे. छोट्या रकमेच्या टेबलावर चेहऱ्याला फारशी किंमत नाही आणि ब्लफला तर त्याहून कमी. वाचायची ती समोरच्याची बेट. ती वाचताना प्रश्न एकच : हा माणूस हातात काही नसताना एवढी रक्कम कधी लावतो का?

तीन पत्तीची सवय इथे का नडते?

आपल्याकडे पत्त्यांची ओळख होते ती दिवाळीतल्या किंवा गणपतीच्या जागरणातल्या तीन पत्तीने. त्या खेळात ब्लफला अर्थ आहे, आणि त्यामागे गणित आहे. 52 पानांतून तीन पानांचे 22,100 वेगवेगळे हात बनतात. त्यातल्या साधारण 74 टक्के हातांत साधी जोडीसुद्धा नसते. म्हणजे समोरच्याकडेही बहुधा काहीच नसतं. चाल वाढवत राहिलं की तो पानं टाकतो. झाकली मूठ सव्वा लाखाची.

होल्डेममध्ये प्रत्येकाकडे दोन पानं झाकलेली आणि टेबलावर पाच पानं सगळ्यांसाठी उघडी. आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), मग शेवटचं (रिव्हर). बेट लावण्याच्या चार फेऱ्या होतात. नो-लिमिट म्हणजे कोणत्याही फेरीत समोरच्या सगळ्या चिप्स लावण्याची मुभा. सात पानांतून सर्वोत्तम पाच निवडायची असल्यामुळे शेवटी जोडीसुद्धा न लागण्याची शक्यता उरते फक्त 17 टक्क्यांच्या आसपास. थोडक्यात, रिव्हरपर्यंत आलेल्या जवळपास प्रत्येकाकडे ‘काहीतरी’ असतं. आणि ज्याच्याकडे काहीतरी आहे, तो छोट्या टेबलावर पानं टाकत नाही.

का टाकत नाही? हरण्याची झळ कमी असते म्हणून. इंजिनीअरिंगच्या हॉस्टेलवर आम्ही मॅगीच्या पाकिटांवर खेळायचो. प्रोबॅबिलिटीचा पेपर सुटलेली सहा मुलं, पण ‘बघू तरी काय आहे याच्याकडे’ म्हणून प्रत्येक डाव शेवटपर्यंत जायचा. मी एकदा अतिशय अभ्यासपूर्ण ब्लफ रचला होता. तिन्ही रस्त्यांवर वाढत्या बेट्स, तंतोतंत जुळणारी गोष्ट. समोरच्याने अठ्ठ्यांची जोडी घेऊन कॉल केला. का केलास, असं विचारल्यावर म्हणाला, ‘मला तीन पाकिटांनी काय फरक पडतो?’ माझी गोष्ट त्याने ऐकलीच नव्हती. जो ऐकत नाही त्याला थाप मारून उपयोग काय?

बेट म्हणजे विचारलेली किंमत

पॉटमध्ये 100 आहेत आणि समोरच्याने 50 लावले. आता तुम्हाला 50 देऊन 150 मिळवायचे आहेत. म्हणजे कॉल केल्यानंतरच्या 200 मधले 50 तुमचे, 25 टक्के. चारपैकी एकदा तरी जिंकत असाल तर कॉल बरोबरीत सुटतो. त्याने पूर्ण 100 लावले असते तर तीनपैकी एकदा जिंकावं लागलं असतं. फ्लॉपनंतर तुमच्याकडे एका रंगाची चार पानं असतील, तर त्या रंगाची नऊ पानं शिल्लक असतात. पुढच्याच पानावर रंग पूर्ण होण्याची शक्यता सुमारे 19 टक्के, पुढच्या दोन पानांत मिळून सुमारे 35 टक्के. कॅल्क्युलेटर नको. उरलेल्या उपयोगी पानांना एका पानासाठी दोनने आणि दोन पानांसाठी चारने गुणा, अंदाज पुरेसा बरोबर येतो.

हेच गणित ब्लफ करणाऱ्यालाही लागू आहे आणि तिथे ते कमी सांगितलं जातं. अर्ध्या पॉटचा ब्लफ तीनपैकी एकदा चालला पाहिजे, पूर्ण पॉटचा दोनपैकी एकदा. ज्या टेबलावर कोणीच पानं टाकत नाही तिथे ‘दोनपैकी एकदा’ हा फार मोठा आकडा आहे.

एकच डाव, दोन भिडू

आता एक डाव नीट बघू. छोटा ब्लाइंड 5, मोठा 10. तुमच्या आधीच्या दोघांनी नुसते 10 देऊन डावात प्रवेश केला. तुमच्याकडे इस्पिकचा एक्का आणि चौकटचा राजा. तुम्ही रेज करून 40 केले, दोघांनी कॉल केला, ब्लाइंडवाल्यांनी पानं टाकली. पॉट 135.

फ्लॉप : बदाम राजा, किलवर अठ्ठी, चौकट तिर्री. छान. तुम्ही 90 लावले, एक गेला, एकाने कॉल केला. पॉट 315. टर्नला इस्पिकची पंजी. तुम्ही 200 लावले. आणि आतापर्यंत गप्प बसलेल्या समोरच्याने रेज करून 600 केले.

तुम्हाला आणखी 400 द्यायचे आहेत, पॉटमध्ये 1,115 पडलेत. 1,515 मधले 400, म्हणजे साधारण 26 टक्के. एवढ्या वेळा तुम्ही पुढे असाल तर कॉल करा, एवढंच गणित सांगतं. तुम्ही किती वेळा पुढे असाल, हे मात्र समोर कोण बसलंय त्यावर ठरतं.

मोजून बघा. तीन अठ्ठ्या, तीन तिर्र्या किंवा तीन पंज्या असण्याचे प्रत्येकी तीन प्रकार, एकूण नऊ. राजा-अठ्ठी, राजा-पंजी, राजा-तिर्री अशा दोन जोड्यांचे प्रत्येकी सहा (एक राजा तुमच्याकडे, एक टेबलावर, उरले दोनच), एकूण अठरा. हे 27 हात तुमच्या पुढे आहेत. मागे कोण? राजा-राणी, राजा-गुलाम, राजा-दश्शी. प्रत्येकी आठ, एकूण 24.

समोरचा उत्साही असेल, राजाची जोडी लागली की रेज करणारा असेल, तर 51 पैकी 24 वेळा तुम्ही पुढे. 47 टक्के. कॉल करायलाच हवा. पण समोरचा गेले दोन तास नुसते कॉल करणारा, चहा पिता पिता पानं बघणारा काका असेल तर? राजा-गुलाम घेऊन तो कॉल करेल, रेज नाही करणार. समजा चारदा असा हात आल्यावर एकदा त्याने रेज केला, असं उदार मनाने धरलं, तरी 24 चे सहा होतात. 33 पैकी सहा, म्हणजे 18 टक्के. लागणार होते 26. शिवाय रिव्हरची बेट अजून यायचीच आहे. पानं टाका.

पानं तीच, पॉट तोच, उत्तर उलट. समोरच्याला वाचणं म्हणतात ते हे. यात डोळ्यांच्या हालचाली कुठेच आल्या नाहीत. त्याने गेल्या दोन तासांत किती वेळा रेज केला आणि त्यानंतर कोणती पानं दाखवली, एवढंच लक्षात ठेवायचं होतं. बहुतेक जण स्वतःची पानं टाकली की मोबाइल काढतात, आणि नेमका तोच वेळ बघण्याचा असतो. ‘माझ्याकडे एक्का-राजा आहे, मी कसा टाकू’ म्हणून कॉल करणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

माझ्या अनुभवात छोट्या टेबलावर सगळ्यात विश्वासार्ह खूण हीच : शांत माणसाचा टर्न किंवा रिव्हरवरचा रेज. बाकीच्या खुणा त्यानंतर. आधी नुसते 10 देऊन आलेला भिडू तुमच्या रेजवर अचानक मोठा रेज करतो तेव्हा एक्क्यांची किंवा राजांची जोडी गृहीत धरलेली बरी. झटकन केलेला कॉल बहुधा मध्यम हाताचा किंवा रंगाची वाट बघणाऱ्याचा. मजबूत हात असलेला माणूस रेज करायचा का, याचा क्षणभर तरी विचार करतो. माइक कॅरो यांनी 1984 मध्ये पोकरमधल्या शारीरिक खुणांवर अख्खं पुस्तक लिहिलं. नाटक करणारा भिडू ताकद असताना दुबळेपणा दाखवतो आणि दुबळा असताना ताकद, हे त्यातलं गाजलेलं सूत्र. उपयोगी आहे, पण नाटक करण्याइतका विचार समोरचा करतोय, हे त्यात गृहीत आहे. आमच्या हॉस्टेलवर तेवढी मेहनत कोणी घेत नव्हतं.

यंत्राने कोणाचा चेहरा पाहिला?

जानेवारी 2017 मध्ये अमेरिकेतल्या पिट्सबर्गमध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाचा ‘लिब्राटस’ हा प्रोग्रॅम चार व्यावसायिक खेळाडूंविरुद्ध एकास एक नो-लिमिट होल्डेम खेळला. 1,20,000 डाव झाले आणि यंत्र स्पष्टपणे जिंकलं. त्याने कोणाच्या डोळ्यांत पाहिलं नव्हतं. त्याच्यापुढे होत्या फक्त पानं आणि लावलेल्या रकमा.

इथे एक फरक सांगायला हवा. लिब्राटस समोरच्याच्या सवयी शोधून त्याला पकडायला निघालं नव्हतं. स्वतःच्या खेळात फट राहू नये, हा त्याचा मुख्य हिशेब, आणि म्हणून ते नेमक्या प्रमाणात ब्लफही करत होतं. यूट्यूबवर असे ‘संतुलित’ ब्लफ पाहून काही जण तेच घरच्या टेबलावर आणतात. तिथे समतोल साधायचा कोणाविरुद्ध? जो प्रत्येक बेट कॉल करतो त्याच्याविरुद्ध चांगला हात आला की मोठी बेट लावायची आणि हात नसेल तर चेक करायचं. दिसायला कंटाळवाणं आहे. अर्ध्या पॉटऐवजी पाऊण पॉट लावा, तो तरीही कॉल करेल. नवखे भिडू नेमकं उलट करतात. चांगला हात असताना ‘तो पळून जाईल’ म्हणून चिमूटभर लावतात आणि हात नसताना घर विकल्यासारखं लावतात.

ब्लफ कधीच करू नये, असं नाही. समोर एकच भिडू असावा, तो पानं टाकू शकतो हे तुम्ही आधी पाहिलेलं असावं आणि नुकतं पडलेलं पान त्याला घाबरवणारं असावं. डावात चौघे असतील तर विसरा. एक्क्यांची जोडी घेऊनही चार अनोळखी हातांविरुद्ध शेवटपर्यंत गेलात तर जिंकण्याची शक्यता 56 टक्क्यांच्या आसपास असते. मग रिकाम्या हाताने चौघांना पळवून लावायचं म्हणजे कठीणच.

मग हा कौशल्याचा खेळ झाला ना?

हो, झाला. वरचा डाव नशिबाने सुटत नाही. पण ‘कौशल्याचा खेळ’ हे शब्द गेली काही वर्षं जाहिरातींत ज्या अर्थाने वापरले गेले, तो मला पटत नाही. कौशल्य आहे याचा अर्थ तुम्ही जिंकाल असा होत नाही. ते दिसायला हजारो डाव लागतात आणि तोवर टेबल चालवणारा प्रत्येक पॉटमधून आपला वाटा कापत असतो. त्याला रेक म्हणतात. समजा हा वाटा 5 टक्के आहे आणि सरासरी पॉट 200 चा. शंभर डावांत 1,000 रुपये टेबलावरून गेले. सहा जण 2,000 घेऊन बसले असतील तर 12,000 मधले 1,000. सगळे सारखेच हुशार असले तरी सगळेच हरतात. मोठ्या टेबलांवर रेकला बहुधा कमाल मर्यादा असते, त्यामुळे पॉटच्या प्रमाणात तो कमी बसतो. छोट्या टेबलावर तो पुरता बसतो.

ऑनलाइन टेबलांचा प्रश्न सध्या कायद्यानेच मिटवला आहे. 22 ऑगस्ट 2025 रोजी राष्ट्रपतींची संमती मिळालेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर बंदी घातली, मग तो खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. महाराष्ट्रात जुगाराविरुद्ध 1887 चा कायदा आहे. पैसे लावून उघडपणे पोकर खेळायचं तर इथला माणूस गोव्यात मांडवीतल्या कॅसिनोत जातो. तिथे बाजूला बसलेला भिडू कदाचित सुट्टीवर आलेला असतो, हातात पेय असतं आणि पानं टाकण्यासाठी तो एवढ्या लांब आलेला नसतो. त्याला ब्लफ करू नका.