काळी मेंढरे वावरात बसू द्या



मृगाच्या तोंडावर धनगरांचे वाडे कोकणातून वर चढून माण, खटाव, फलटणकडे परत निघतात. पूर्वी आपले शेतकरी रस्त्यावर उभे राहून त्यांना अडवीत, "पाव्हणं, दोन रात्री आमच्या वावरात बसा" म्हणून. आता वाडा दिसला की काठी घेऊन धावणारेही आम्ही पाहिले आहेत. हे बरे नव्हे, म्हणूनच हा लेखप्रपंच.

यात आमचाही दोष आहे, तो आधी कबूल करतो. गटसभांतून आम्ही वर्षानुवर्षे युरियाच्या गोण्यांचा हिशेब सांगितला, लेंडीखताबद्दल शब्द काढला नाही. वास्तविक शेणखतात नत्र शेकडा अर्धा, तर लेंडीखतात तीनच्या आसपास. शिवाय मेंढरे वावरातच बसली की मूत्रही जाग्यावर मुरते. गाडी नको, हमाली नको. सकाळी वाडा हलला की कुळव फिरवून लेंड्या मातीआड करायच्या, एवढेच काम. उन्हात उघड्या राहिल्या तर नत्र उडून जाते.

हंगामही कसा जुळतो पहा. आडसाली लागण जुलै-ऑगस्टात. त्याआधी जूनमध्ये रान मोकळे आणि मेंढरे परतीच्या वाटेवर. पूर्वहंगामी लागण ऑक्टोबर-नोव्हेंबरात. त्या सुमारास ती पुन्हा खाली निघतात. खोडवा फुटलेला असेल तिथे मात्र मेंढरू घालू नये, कोंब खाऊन टाकते. भांडणे होतात ती इथेच. बांधावर आधी बोलणे झाले तर होणार नाहीत.

दुसरी गोष्ट जातीची. ही आपली दख्खनी मेंढी काळ्या भरड लोकरीची, कोसच्या कोस चालणारी, धसकटावर जगणारी. आपल्या आजोबांच्या खांद्यावरचे घोंगडे हिच्याच लोकरीचे. पण आज लोकरीतून कातरणीची मजुरीही सुटत नाही. म्हणून मेंढपाळ उंच, लवकर वजन धरणारा माडग्याळचा नर लावू लागले. त्यांना दोष कसा द्यावा? कोकरे विकूनच त्यांचे घर चालते. पण काटकपणा एकदा गेला की बाजारात विकत मिळत नाही.

फलटणच्या निंबकर संस्थेने यावर एक वाट दाखविली आहे. सुंदरबनच्या लहानखुऱ्या गरोल मेंढीतला जुळी देण्याचा गुण दख्खनीत उतरवून त्यांनी 'नारी सुवर्णा' तयार केली. जुळ्यांची आई पोटाला जादा मागते, हे खरे. पण तिला उसाचे वाढे आणि बांधाचे गवत आपणच देऊ शकतो.

तेव्हा विनंती एवढीच. ज्यांचे रान मोकळे आहे त्यांनी वाडा बसवावा, ठरलेले धान्य आणि रोख सकाळीच हातावर ठेवावी, आणि पाण्याला नाही म्हणू नये. एक एकर असे करून पहा आणि शेजारच्या एकराशी ऊस ताडून पहा. मग आमचे चुकले असेल तर गटसभेत उभे राहून सांगा.

— ऊस विकास अधिकारी