विषाणूच्या आड पुडी लपू नये

तोंडाचा कर्करोग विषाणूमुळेही होऊ शकतो, ही माहिती वृत्तपत्रे वाचणाऱ्याला आता नवी राहिलेली नाही. ती खोटी नाही. पण खरी गोष्टही अर्धवट कानावर पडली की माणूस ती आपल्या सोयीने वापरतो. कचेरीच्या मधल्या सुट्टीत पुडी फोडणारा गृहस्थ मग सहज म्हणून जातो, 'हल्ली विषाणूनेही कर्करोग होतो म्हणतात. तंबाखूलाच दोष कशाला द्यायचा?' हा युक्तिवाद वरवर निरुपद्रवी वाटला, तरी मराठवाड्यात तो अनेकांच्या जिवावर बेतणारा आहे. म्हणून या प्रश्नात विषाणूचा वाटा किती आणि पुडीचा किती, हे नीट समजून घेतले पाहिजे.

ज्याची ही चर्चा आहे तो ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, संक्षेपाने एचपीव्ही. त्याचे अनेक प्रकार आहेत आणि त्यांतले बहुतेक निरुपद्रवी आहेत. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सूर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने 1983 साली गर्भाशयमुखाच्या कर्करोगात त्याचा 16 क्रमांकाचा प्रकार शोधून काढला आणि या कार्याबद्दल त्यांना 2008 साली नोबेल पारितोषिक मिळाले. पेशीची वाढ बेसुमार होऊ नये म्हणून निसर्गाने तिला लगाम घातलेला असतो. या विषाणूची ई6 आणि ई7 ही दोन प्रथिने नेमका तो लगामच निकामी करतात.

हाच विषाणू घशातही कर्करोग निर्माण करतो. पण कोठे, हे महत्त्वाचे आहे. त्याचा मुख्य बळी म्हणजे टॉन्सिल आणि जिभेचे मूळ. अमेरिकेत घशाच्या या भागातील कर्करोगांपैकी सुमारे 70 टक्के या विषाणूशी निगडित आहेत. गाल, हिरडी आणि जिभेचा पुढचा भाग, म्हणजे आपण ज्याला तोंड म्हणतो, तेथील गोष्ट वेगळी आहे. 29 देशांतील रुग्णांच्या नमुन्यांचा अभ्यास 2016 साली प्रसिद्ध झाला. त्यात टॉन्सिलच्या परिसरातील सुमारे 22 टक्के कर्करोगांचे खापर विषाणूवर फोडता आले. तोंडाच्या पोकळीतील कर्करोगांत हे प्रमाण 5 टक्क्यांहूनही कमी भरले. काही अभ्यासांतून याहून मोठे आकडे पुढे येतात, हे खरे. परंतु गाठीत विषाणूचा अंश सापडणे आणि त्यानेच ती गाठ निर्माण करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. चोरीच्या घरात सापडलेला प्रत्येक माणूस चोर नसतो.

आपल्याकडचा चोर मात्र परिचयाचा आहे. तो खिशात असतो, पानाच्या गादीवर असतो, सकाळच्या मशेरीच्या डबीत असतो. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातील जवळजवळ चौघांपैकी एक प्रौढ धूरविरहित तंबाखूचे सेवन करताना आढळला. तंबाखू नसलेली नुसती सुपारीही कर्करोगकारक आहे, असा निर्णय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 सालीच दिला. सुपारीने गालाच्या आतले अस्तर ताठ होते, हळूहळू तोंड उघडेनासे होते आणि पुढे तेथेच कर्करोग मूळ धरू शकतो. 2022 च्या अंदाजानुसार देशात एका वर्षात ओठ व तोंडाच्या कर्करोगाचे सुमारे 1 लाख 43 हजार नवे रुग्ण आढळले. 2012 साली महाराष्ट्राने गुटख्यावर बंदी घातली आणि त्याच वर्षी आपल्या शहरात आमखास मैदानाजवळ शासकीय कर्करोग रुग्णालय सुरू झाले. रुग्णालयातली गर्दी ओसरत नाही आणि पुडीही मिळायची राहत नाही, यातच त्या बंदीच्या अंमलबजावणीचा निकाल आला.

अर्धवट माहितीचा दुसरा परिणाम अधिक क्रूर आहे. हा विषाणू निकटच्या शरीरसंबंधातून पसरतो, एवढेच ऐकलेले लोक रुग्णाच्या चारित्र्याकडे संशयाने पाहू लागतात. वस्तुस्थिती अशी की, संसारी स्त्री-पुरुषांपैकी बहुतेकांना केव्हा ना केव्हा याचा संसर्ग होतो आणि बहुतेकांचे शरीर एक-दोन वर्षांत तो आपोआप परतवून लावते. ज्याच्या शरीराला ते साधले नाही, तो दुर्दैवी असेल, दोषी नाही. लाजेपायी माणूस दवाखाना टाळतो, आणि या रोगात गमावलेला महिना पुन्हा हाती येत नाही.

मग विषाणूच्या या ज्ञानाचा उपयोग काय? उपयोग मोठा आहे आणि त्यात मराठवाड्याचा वाटा आहे. त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील 1 लाख 31 हजारांहून अधिक ग्रामीण स्त्रियांच्या सहभागाने टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय यांनी एक दीर्घ अभ्यास केला. आयुष्यात एकदा केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटतात, हे त्यातून 2009 साली जगाला कळले. आता प्रतिबंधक लसही आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची लस 2023 पासून उपलब्ध झाली. संसर्गाआधी, 9 ते 14 या वयात, ती सर्वाधिक गुणकारी ठरते; म्हणजे ज्या मुली आज आपल्या शाळांच्या बाकांवर बसल्या आहेत, त्यांच्यासाठी ती आहे. पालकांच्या मनातील संकोच दूर करण्याचे काम शिक्षकांइतके दुसरे कोणी करू शकणार नाही. या लसीने मुख्यतः गर्भाशयमुखाचे रक्षण होते आणि घशाचेही होण्याची आशा आहे. पण गालात तंबाखूची गोळी धरणाऱ्याला ती वाचवू शकत नाही.

त्याला वाचवणारा उपाय साधा आहे: पुडी टाकणे आणि तोंड दाखवणे. तिरुवनंतपुरम जिल्ह्यात प्रशिक्षित आरोग्यसेवकांनी घरोघर जाऊन केवळ उजेडात तोंडे तपासली. तंबाखू वा मद्याचे व्यसन असलेल्यांमधील तोंडाच्या कर्करोगाचे मृत्यू त्यामुळे सुमारे एक तृतीयांशाने घटले, असे 2005 साली सिद्ध झाले. त्यासाठी महागडे यंत्र लागले नाही. पांढरा वा लाल चट्टा, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, आखडत चाललेला जबडा, मानेतील न दुखणारी गाठ, यांपैकी काहीही दिसले तर त्याच आठवड्यात दंतवैद्याला दाखवावे. आपल्या शहरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, घाटी आहे, कर्करोग रुग्णालय आहे. उणीव आहे ती वेळेवर तेथे जाण्याची.

शासनाने बंदीची अंमलबजावणी करावी, ही मागणी रास्तच आहे. परंतु शाळेच्या शिक्षकदालनात आणि कचेरीच्या टेबलाच्या खणात पुडी असेल, तर ती मागणी कोणत्या तोंडाने करायची? गुरुजींच्या गालात तंबाखू असताना फळ्यावर लिहिलेला आरोग्याचा धडा विद्यार्थ्यांच्या मनावर उमटत नाही. विषाणूशी प्रयोगशाळा लढते आहे आणि लसही हाती आली आहे. पुडीशी लढण्याचे काम मात्र कोणत्याही शास्त्रज्ञावर सोपवता येणार नाही. ते ज्याच्या खिशात ती आहे, त्याचेच आहे.