सर्वांनीं मिळून पाहावें असें कांहीं

'घरांतील लहानथोरांना एकत्र बसून पाहतां येईल असा एखादा चांगला चित्रपट सुचवा,' अशी मागणी आमच्याकडे वरचेवर होत असते. या मागणींतील 'चांगला' या शब्दाचा अर्थ बहुधा एवढाच असतो कीं, चित्रपट चालू असतां आजोबांना उगाच खाकरावें लागूं नये, सूनबाईंना चहाच्या निमित्तानें स्वयंपाकघर गांठावें लागूं नये आणि नातवंडांनीं अवघड प्रश्न विचारूं नयेत. ही अपेक्षा गैर आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्यानें कोणाचीच कुचंबणा होत नाहीं तें सारें सकस, हा हिशेब मात्र आम्हांस मान्य नाहीं. गेल्या महिन्याभरांत आमच्या दिवाणखान्यांत सर्वांनीं मिळून चार चित्रपट पाहिले. एक सामाजिक, एक संतपट, एक विनोदी आणि एक कोर्टकचेरीचा. त्यांविषयीं सहज सुचलेले चार शब्द वाचकांपुढें ठेवतों.

पहिला 'कुंकू'. प्रभात फिल्म कंपनीनें काढलेला आणि व्ही. शांतारामांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट १९३७ सालचा. त्याची कथा ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून घेतलेली आहे. मामानें पैशाच्या लोभानें नीरा या तरुण भाचीचें लग्न काकासाहेब या वयस्क, विधुर वकिलाशीं लावून दिलें आणि नीरेनें तें नातें पत्करण्याचें साफ नाकारलें, एवढीच ती हकीकत. शांता आपटे यांची ताठ मानेची नीरा आणि केशवराव दाते यांचे आंतून खचत जाणारे काकासाहेब, दोघेंही तोलामोलाचीं. या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाहीं. प्रसंगांत जें वाजतें तेंच ऐकूं येतें. भिंतीवरील जुन्या घड्याळाची टिकटिक मात्र मनांत घर करून राहते.

काकासाहेब दुष्ट नाहींत, हेंच या कथेचें खरें बळ. ते शिकलेले आहेत, सभ्य आहेत, त्यांची मुलगी समाजकार्य करते. आणि तरीही अन्याय घडतो तो त्यांच्याच माजघरांत. शेवट मात्र आम्हांस पटला नाहीं. नीरेला मोकळीक देणारें पत्र लिहून काकासाहेब आत्महत्या करतात. म्हणजे गांठ सुटत नाहीं, ती कापली जाते. काकासाहेब जिवंत राहिले असते तर त्या घरानें काय केलें असतें, हा प्रश्न दिग्दर्शकानें टाळला असें वाटतें. चित्रपट संपल्यावर आमच्या आत्याबाई, ज्यांनीं नुकतीच ऐंशी ओलांडली आहे, बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझें लग्न ठरलें तेव्हां मला कोणीं विचारलें नव्हतें. विचारलें असतें तर मी काय सांगितलें असतें, तें मला आजही ठाऊक नाहीं." आत्याबाईंचा संसार उभ्या कुटुंबानें पाहिलेला, पण हें वाक्य त्यांच्या मुलांनींही प्रथमच ऐकलें.

दुसरा 'संत तुकाराम'. दामले-फत्तेलाल या जोडीचा हा १९३६ सालचा चित्रपट १९३७ सालीं व्हेनिसच्या महोत्सवांत नांवाजला गेला. विष्णुपंत पागनीस यांचा तुकाराम आपणां सर्वांच्या डोळ्यांपुढें इतका ठसलेला आहे कीं, त्याविषयीं नव्यानें लिहिण्यासारखें थोडेंच उरलें आहे. या खेपेस आमचें लक्ष खिळलें तें गौरी यांच्या जिजाईवर. नवरा नामस्मरणांत दंग. घरांत दाणा नाहीं. तेव्हां आजारी मुलाला ओढीत आणि हातांत वहाण घेऊन ती पांडुरंगाला जाब विचारावयास देवळांत निघते. त्या प्रसंगाला प्रेक्षक हंसतात, आमच्याकडेही हंसले. परंतु जिजाईच्या बोलण्यांत खोटें काय आहे, असें विचारूं गेल्यास उत्तर सुचत नाहीं. दिग्दर्शकांनीं तिला कजाग म्हणून सोडून दिलें नाहीं, यांत त्यांचा मोठेपणा आहे. भक्ति तुकोबांची खरी, आणि चूल जिजाईची खरी. अखेरीस वैकुंठाचें विमान येतें, तुकोबा तिला बरोबर येण्यास सांगतात, आणि ती मुलाबाळांसाठीं मागें राहते. हें पाहून आमच्या थोरल्या सूनबाई एवढेंच म्हणाल्या, "विमान आलें तरी कुकरच्या शिट्ट्या मोजायला कोणीतरी खालीं लागतेंच!" सगळे हंसले, परंतु रात्रीचीं भांडीं त्या दिवशीं पुरुषमंडळींनीं आवरलीं, ही नोंद करून ठेवण्यासारखी गोष्ट होय.

तिसरा विनोदी. उमेश कुलकर्णी यांचा 'वळू' हा २००८ सालचा चित्रपट. कुसवडें गांवांत देवाला सोडलेला डुरक्या नांवाचा वळू मोकाट फिरतो. गांवांत कांहींही बिघडलें कीं तें डुरक्याच्या नांवावर जमा होतें. त्याला पकडावयास वनखात्याचे एक अधिकारी येतात, बरोबर चित्रीकरणाचा नाद असलेला त्यांचा भाऊ. आणि मग सरपंच, त्यांचे प्रतिस्पर्धी आणि हौशे-नवशे-गवशे, सारा गांव कॅमेऱ्यापुढें येऊन आपलें मोठेपण सांगूं लागतो. अतुल कुलकर्णी, मोहन आगाशे, गिरीश कुलकर्णी अशीं कसलेलीं मंडळी असल्यामुळें विनोदाला अंगविक्षेपांची गरज पडत नाहीं. मध्यंतरीं चित्रपट किंचित् रेंगाळतो, हें खरें. पण त्यांतील मर्म विसरण्यासारखें नाहीं. प्रत्येक घरांतही असा एक डुरक्या असतोच. दूध उतूं गेलें, किल्ली हरवली, लग्न मोडलें, तरी बोट आधीं त्याच्याकडे वळतें. आमच्या घरांतील तें मानाचें पद सध्यां कोणाकडे आहे यावर चर्चा झाली आणि धाकट्या काकांचें नांव बहुमतानें निघालें. काकांनीं तें हंसून स्वीकारलें. परंतु दुसऱ्या दिवसापासून त्यांच्यावर खापर फोडतांना जो तो जरा चाचरतो.

चौथा 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे यांचा हा पहिलाच चित्रपट २०१४ सालीं व्हेनिसला गौरविला गेला आणि पुढें त्याला राष्ट्रीय पुरस्कारांतील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचें सुवर्णकमळही मिळालें. गटारांत उतरून काम करणारा एक कामगार मरण पावतो. एका वृद्ध लोकशाहिराच्या गाण्यामुळें त्यानें आत्महत्या केली, असा आरोप ठेवून त्या शाहिरावर खटला भरला जातो. गटारांत उतरण्यापूर्वीं तो कामगार आंत झुरळें आहेत कीं नाहींत तें पाहत असे. झुरळें दिसलीं तर आंत हवा आहे, असा त्याचा अंदाज. हें साक्षींतून कळतें तेव्हां दिवाणखान्यांत कोणी कांहीं बोललें नाहीं.

परंतु आम्हांस अधिक अस्वस्थ केलें तें सरकारी वकीलबाईंनीं. गीतांजली कुलकर्णी यांनीं त्या इतक्या सहज उभ्या केल्या आहेत कीं, शेजारच्याच वाटाव्या. कोर्टांत त्या थंडपणें कलमें वाचतात आणि शाहिराला शिक्षा मागतात. संध्याकाळीं लोकलनें परततात, लुगड्यांच्या आणि पथ्यपाण्याच्या गोष्टी बोलतात, मूल घेऊन घरीं येतात आणि स्वयंपाकाला लागतात. आमच्या नातवानें विचारलें, "त्या बाई वाईट आहेत कां?" कोणालाही 'हो' म्हणवेना आणि 'नाहीं' असेंही म्हणवेना. कारण त्यांचें घर हुबेहूब आपल्या घरासारखें होतें. चित्रपटाची गति संथ आहे. कॅमेरा एके ठिकाणीं ठाण मांडून बसतो, त्यामुळें कांहीं मंडळींना डुलकी लागण्याचा संभव आहे. तथापि शेवटच्या प्रसंगांत न्यायाधीशमहाशयांचीच डुलकी मुलें मोडतात आणि ते त्यांतील एकाला थप्पड देतात, तेथपर्यंत जागें राहणें अवश्य आहे.

चारही चित्रपटांचा घाट निराळा. पण आमच्यापुरतें त्यांनीं एकच काम केलें. जें घरांत कधींच बोललें जात नव्हतें तें त्यांनीं बोलतें केलें. आज बहुतेक घरांत ज्याच्या त्याच्या हातांत ज्याचा त्याचा पडदा असतो. आजोबा एका खोलींत, नात दुसऱ्या खोलींत, आणि प्रत्येकाला आपापल्या आवडीचें मुबलक मिळतें. त्यामुळें भांडणें कमी झालीं, हें खरें. पण एकाच गोष्टीवर चार पिढ्यांनीं चार मतें मांडावीं, ही संधीही त्याबरोबर गेली. एका छपराखालीं राहणें आणि एकमेकांना ओळखणें या दोन गोष्टी भिन्न आहेत.

म्हणून आमची सूचना अशी. महिन्यांतून एक चित्रपट सर्वांनीं मिळून पाहावा. निवडीचा मान पाळीपाळीनें प्रत्येकाला द्यावा, अगदीं धाकट्यालासुद्धां. चित्रपट संपतांच उठून न जातां अर्धा तास तेथेंच बसावें. आणि बोलावयास सुरुवात वयानें सर्वांत लहान असेल त्यानें करावी, कारण वडीलधारीं आधीं बोललीं म्हणजे उरलेल्यांचें मत आपोआप त्यांच्याप्रमाणेंच होतें. मग आजोबांना खाकरावें लागलें तर खुशाल खाकरूं द्यावें.