डबा पुसला, भाऊ तसेच!

आमच्या चौकातल्या विजेच्या डीपीवर कॉलनीतल्या पोरांनी चार कप्प्यांचा स्टीलचा डबा रंगवला होता. येणाराजाणारा बघून हसायचा. तिथे कचरा टाकणंही बंद झालं होतं. परवा पालिकेची माणसं आली आणि राखाडी रंग फासून गेली. कारण काय, तर विद्रूपीकरण!

मान्य. १९९५ चा कायदा आहे, पोरांनी परवानगी घ्यायला हवी होती. मग त्याच डीपीच्या डोक्यावर लटकणारा वाढदिवसाचा फ्लेक्स? सव्वीस चेहरे, मधे गॉगलवाले भाऊ, मागे अर्धा सिग्नल झाकलेला. त्याला कुणी हात लावत नाही. विद्रूपीकरण नेमकं कशाला म्हणायचं ओ साहेब?

जाहिरातीला माझा विरोध नाही. अमूलचं होर्डिंग वाचायला आपण बसच्या खिडकीतून मान वळवतोच. ते जागेचे पैसे भरतात आणि वर हसवतात. भाऊ काय देतात?

आणि हा नुसता सौंदर्याचा प्रश्न नाही. १३ मे २०२४ ला घाटकोपरच्या पेट्रोल पंपावर कोसळलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं. मर्यादा ४० बाय ४० ची. १७ माणसं गेली. एवढं धूड कुणाला दिसलं नाही, डबा मात्र दिसला!

प्रत्येक प्रभागात दोन-चार भिंती पोरांना खुल्या करा, अर्ज एका पानाचा ठेवा. आणि परवाना क्रमांक नसलेला फ्लेक्स त्याच दिवशी उतरवा, भाऊ कुठल्याही पक्षाचे असोत. तोवर आम्हाला नियम शिकवू नका.